दाता, विश्वस्तनिधी आणि संस्था

आपल्या सांस्कृतिक संस्थांचे इतिहास बहुधा त्यांच्या संस्थापकांच्या चरित्रांच्या रूपाने लिहिले जातात. संस्थापकाचा त्याग, त्याची ध्येयनिष्ठा, त्याला झालेला विरोध आणि अखेरीस त्याला लाभलेली लोकमान्यता, एवढे सांगून झाले की संस्थेचा इतिहास सांगितला, असे आपण समजतो. त्या संस्थेची जमाखर्चाची वही मात्र क्वचितच उघडली जाते. वस्तुतः संस्था जगली कशी, वाढली कशी आणि वाढताना तिने काय राखले व काय सोडले, या प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा त्या वहीतच असतात. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही एका दुर्लक्षित विषयाकडे वळू इच्छितो. लोकसेवेचे व्रत घेतलेली संस्था आणि धनिकाने लोकहितार्थ बाजूस काढून ठेवलेला निधी यांचा संबंध कसा जुळतो आणि तो कशाने टिकतो, हा तो विषय होय.

महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी भाषकांना या विषयाचे महत्त्व विशेष आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी संस्थांना एके काळी राजाश्रय होता. इंदूर व ग्वाल्हेर ही संस्थाने १९४८ साली मध्य भारतात आणि बडोदे १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाल्यावर तो आश्रय स्वाभाविकपणेच आटला. हैदराबादेत तर निजामी राजवटीत मराठीला स्वतःच्या पायांवरच उभे राहावे लागले होते. बेळगावच्या व गोमंतकाच्या संस्थांचा इतिहासही मुख्यतः वर्गणीदारांच्या चिकाटीचा इतिहास आहे. वर्गणीवर वाचनालय चालते, व्याख्यानमाला चालते, वार्षिक उत्सव होतो. परंतु हस्तलिखितांची सूची, कोश, इमारत, संशोधकाचे वेतन ही कामे वर्गणीच्या आवाक्यातली नव्हेत. त्यांसाठी मोठ्या निधीकडे वळावेच लागते. आणि वळताच मनात भीती उभी राहते: पैसा देणाऱ्याचा हात आपल्या लेखणीवर तर पडणार नाही ना? ही भीती निराधार नाही. पण तिच्यामुळे याचनाच करू नये, असेही ठरत नाही. इतिहास काय सांगतो ते पाहू.

१

दान आणि निधी यांतील भेद प्रथम स्पष्ट केला पाहिजे. दान हे दात्याच्या हातून सुटले की संपते. निधी हा दात्याच्या मागे राहतो. त्याचे विश्वस्त बदलतात, काळ बदलतो, आणि मूळ हेतूचा अर्थ काय, हा वाद प्रत्येक पिढीत नव्याने उभा राहू शकतो.

याचे जुने उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज सरकारने ती एकदम बंद केली नाही. तिच्यातील काही रकमेतून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे १८४९ साली लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख व त्यांच्या विचारांच्या तरुण मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की या निधीतील काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस पारितोषिके देण्यासाठी खर्च व्हावा आणि त्याचा लाभ एकाच जातीपुरता न ठेवता सर्वांस मिळावा. पुण्यात त्यावर मोठे वादळ उठले. जुन्या शास्त्रीमंडळींना हा आपल्या हक्कावर घाला वाटला. तथापि १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि मराठी गद्याच्या त्या बाल्यावस्थेत अनेक ग्रंथकारांना तिचा आधार मिळाला.

हा निधी सरकारी होता, खासगी नव्हता, हे खरे. पण त्यातून निघणारा बोध खासगी निधीलाही लागू पडतो. अर्जदारांनी नवा पैसा मागितला नाही. असलेल्या पैशाचा मूळ हेतू विद्येचा उत्कर्ष हाच आहे, असे दाखवून त्या हेतूची नव्या काळातील दिशा त्यांनी सुचवली. विश्वस्तनिधीपाशी जाणाऱ्या संस्थेने प्रथम हेच करावयाचे असते: निधीचा हेतू वाचावयाचा आणि आपले कार्य त्या हेतूत कोठे बसते ते प्रामाणिकपणे ठरवावयाचे. जेथे ते बसत नाही तेथे ओढूनताणून बसवणे म्हणजे पुढील भांडणाचे बी पेरणे होय.

२

दुसरे उदाहरण बडोद्याचे. सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणून राज्यभर ग्रंथालयांची योजना सुरू केली. त्या योजनेतील अनुदानाचा नियम मननीय आहे. गावाने वाचनालयासाठी जेवढी रक्कम स्वतः जमवावी, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच राज्याच्या ग्रंथालय खात्याने द्यावी. म्हणजे गावाने एक रुपया काढला की वाचनालयाच्या पेटीत तीन रुपये पडत. पण गावाने काहीच काढले नाही, तर काहीच मिळत नसे.

अँड्र्यू कार्नेगी या पोलादसम्राटानेही इंग्रजी भाषक जगात अडीच हजारांहून अधिक ग्रंथालय-इमारती उभारून देताना असाच दंडक पाळला होता. गावाने जागा द्यावी आणि इमारतीच्या रकमेच्या एक दशांश इतका खर्च दरवर्षी आपल्या करांतून करण्याचे वचन द्यावे, मगच इमारत मिळे. कार्नेगीवर टीका करणारे तेव्हाही होते. कामगारांच्या वेतनातून वाचवलेला पैसा दानात देऊन त्याने नाव मिळवले, असे ते म्हणत, आणि काही गावांनी त्याचे दान नाकारलेही. या टीकेत तथ्य नव्हते असे आम्ही म्हणत नाही. परंतु दंडकामागचे तत्त्व वेगळे काढून पाहिले, तर ते योग्यच दिसते. ज्या कार्यासाठी त्या गावचे लोक स्वतः पैसा काढत नाहीत, ते कार्य परक्याच्या पैशाने फार दिवस जगत नाही. देणगीदाराला लोकांचा हा सहभाग पाहावयाचा असतो. वर्गणीदारांची यादी लहान असली तरी चालते; ती जिवंत असली पाहिजे.

३

आता आपण या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा स्वतःच्या शिलकीतील एक हजार रुपये त्यांनी प्रथम त्यात घातले. हिंगण्याच्या माळावर आश्रम गेला तो झोपडीत. पुढे १९०७ साली महिला विद्यालय निघाले, आणि आजीव सेवकांचा निष्काम कर्ममठ स्थापन झाला. या वीस वर्षांत कर्व्यांनी सुट्टी म्हणून घेतली नाही. गावोगाव हिंडून त्यांनी वर्गण्या जमवल्या. दिलेल्या प्रत्येक आण्याचा हिशेब छापून येई. १९१५ साली जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली. त्याच वर्षअखेर मुंबईस सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी मातृभाषेतून शिक्षण देणाऱ्या महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली मूठभर विद्यार्थिनींवर ते विद्यापीठ सुरूही केले. सरकारी मान्यता नव्हती, इमारत नव्हती, आणि विद्वानांपैकी अनेकांना ही कल्पना अव्यवहार्य वाटत होती.

मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीही जपानच्या प्रवासात ते महिला विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले होते. १९२० साली त्यांनी कर्व्यांच्या विद्यापीठास पंधरा लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली. साडेतीन टक्के व्याजाच्या सरकारी रोख्यांच्या रूपाने ती ठरली, म्हणजे वर्षाकाठी बावन्न हजार पाचशे रुपयांचे उत्पन्न विद्यापीठास लाभले. देणगीला अटी होत्या. विद्यापीठास देणगीदाराच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव द्यावे ही एक. विद्यापीठाचे मुख्य कार्यालय यथाकाल मुंबईस न्यावे ही दुसरी.

या अटींचा विचार आज निर्विकार मनाने करता येतो. नावाची अट पाहिली तर, ज्या संस्थेसाठी कर्व्यांनी आयुष्य वेचले, त्या संस्थेवर दुसऱ्याच्या मातेचे नाव आले. कर्व्यांना त्याचे वैषम्य वाटले असते तरी ते मानवी स्वभावास धरूनच झाले असते. पण नाव बदलल्याने विद्यापीठाचे उद्दिष्ट बदलत नव्हते. मातृभाषेतून स्त्रियांना उच्च शिक्षण हे मूळ सूत्र अबाधित राहत होते, उलट गुजराती माध्यमाची शाखा वाढल्याने त्याचा विस्तारच होत होता. स्थळाची अट अधिक कठीण होती. पुण्याच्या परिसरात, तेथील मध्यमवर्गाच्या आधाराने रुजलेले रोप मुंबईस न्यावयाचे होते. ती अट तत्काळ अमलात आली नाही. विद्यापीठाचे कार्यालय १९३६ साली मुंबईस गेले. सर विठ्ठलदास १९२२ सालीच निवर्तले होते. म्हणजे अट पुरी झाली ती दाता हयात नसताना, आणि विद्यापीठाला विश्वस्तांशी व्यवहार करावा लागला. १९५१ साली कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हा त्याच्या पहिल्या कुलगुरू लेडी प्रेमलीला ठाकरसी झाल्या. दात्याचे कुटुंब अशा रीतीने कार्यकर्त्यांच्या मांडीला मांडी लावून बसले.

या प्रकरणातील तीन गोष्टी आम्हांला विशेष महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही, की देणगी आली ती चोवीस वर्षांच्या कार्यावर. कर्व्यांच्या हाती केवळ योजना असती, तर पंधरा लक्ष रुपये आले नसते. दाता कल्पनेवर लुब्ध होईल, पण पैसा तो चालत्या कामाला देतो. दुसरी ही, की देणगीनंतर कर्व्यांनी झोळी खाली ठेवली नाही. १९२९ साली, वयाची सत्तरी उलटल्यावर, ते युरोप, अमेरिका व जपान येथे आणि त्यानंतर आफ्रिकेतील हिंदी लोकांत फिरले व विद्यापीठासाठी निधी जमवत राहिले. एका मोठ्या दात्यावर विसंबणारी संस्था त्या दात्याची आश्रित होते. हजार लहान दाते असलेली संस्था मोठ्या दात्याशी बरोबरीने बोलू शकते. तिसरी गोष्ट हिशेबाची आहे. रोख्यांचे उत्पन्न ठरावीक असते आणि महागाई ठरावीक नसते. १९२० साली बावन्न हजारांत जे होई, ते पंचवीस वर्षांनी त्याच रकमेत होणे शक्य नव्हते. म्हणून कायम निधी मिळाला म्हणजे संस्था कायमची निश्चिंत झाली, ही समजूत भ्रामक आहे.

४

कर्वे-ठाकरसी संबंधात दाता आणि संस्था यांची इच्छा एकच होती. जेथे ती निरनिराळी असते तेथे काय करावे, हे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारत-प्रकल्पात दिसते.

१९१७ साली पुण्यात हे मंदिर स्थापन झाले. टाटा बंधूंच्या देणगीचा इमारतीस आधार मिळाला. महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढावी ही कल्पना पुढे आली, तेव्हा औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लक्ष रुपयांचे साहाय्य देऊ केले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. सचित्र महाभारत निघावे हा त्यांचा ध्यास होता. पंडितांना मात्र हवी होती ती पाठांची चिकित्सा. काश्मिरापासून केरळापर्यंतच्या हस्तलिखितांची तुलना करून सर्वांत जुना असा जो पाठ हाती येईल, तो निश्चित करावयाचा होता. एकाला चित्रे हवी होती आणि दुसऱ्याला तळटीपा. अशा वेळी पुष्कळ संस्था दोहोंपैकी एक चूक करतात. दात्याची इच्छा हसण्यावारी नेऊन त्याला दुरावतात, नाहीतर तिच्यापुढे मान तुकवून आपले कार्य सोडून देतात. येथे दोन्ही झाले नाही. आदिपर्वाच्या शीर्षकपृष्ठावर संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या नावासोबत बाळासाहेबांचे नाव आहे, आणि प्राचीन नमुन्यांवरून त्यांनी काढलेली चित्रे ग्रंथात आहेत. पण पाठ कोणता स्वीकारावा, याचा निर्णय सर्वस्वी संपादकांचा राहिला. दात्याला त्याच्या कलेचे स्थान मिळाले. विद्वत्तेचे स्थान विद्वानांकडेच राहिले. कोणाचे क्षेत्र कोठे संपते, हे ठरले म्हणून हे साहचर्य टिकले.

या प्रकल्पाची दुसरी शिकवण धीराची आहे. १९१९ साली एप्रिलच्या पहिल्या तारखेस रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला. १९२३ साली नारायण बापूजी उटगीकरांनी विराटपर्वाची तात्पुरती आवृत्ती काढली आणि ती अभिप्रायार्थ विद्वानांकडे पाठवली. हे पाऊल आम्हांला फार शहाणपणाचे वाटते. अखेरचा ग्रंथ निघण्यास किती वर्षे लागतील ते सांगता येत नसताना, कामाचा नमुना जगापुढे ठेवल्याने दात्यांना आणि विद्वानांनाही विश्वास वाटला. १९२५ साली सुकथनकर प्रधान संपादक झाले. १९२७ साली आदिपर्वाचा पहिला भाग आणि १९३३ साली ते संपूर्ण पर्व प्रसिद्ध झाले. मधल्या काळात मुंबई सरकार, हैदराबाद, बडोदे, म्हैसूर अशा अनेकांचे साहाय्य येत गेले. निजाम सरकारच्या देणगीतून मंदिराचे अतिथिगृह उभे राहिले. महाभारताच्या कार्यास मुसलमान राजाने हातभार लावला, ही गोष्ट हैदराबादेतील वाचकांस तरी सांगावयास नको.

सुकथनकर १९४३ साली वारले. बाळासाहेब १९५१ साली गेले. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि त्यांच्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी धुरा वाहिली, आणि १९६६ साली राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत कार्यसमाप्ती झाली. सत्तेचाळीस वर्षे लागली. ज्याने प्रथम पैसा दिला त्याने अखेरचा खंड पाहिला नाही आणि ज्याने पद्धती घालून दिली त्यानेही पाहिला नाही. असे काम फळाची घाई असलेल्या दात्याच्या हातून होत नाही. संस्थेनेही आपल्या कार्याला किती काळ लागेल हे आरंभीच स्पष्ट सांगितले पाहिजे. दाता बिथरेल या भयाने सात वर्षांचे काम तीन वर्षांत होईल असे सांगणे म्हणजे चौथ्या वर्षी आपली पत गमावणे होय.

५

टाटा घराण्याच्या न्यासांनी या संबंधास निराळे वळण दिले. सर रतन टाटा हयात असताना त्यांनी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजास दरसाल दहा हजार रुपये दहा वर्षे दिले. दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहासाठी गांधीजींना एकूण सव्वा लक्ष रुपये दिले, पाटलिपुत्राच्या उत्खननास द्रव्य पुरवले, आणि दारिद्र्याच्या कारणांचा अभ्यास व्हावा म्हणून लंडन विद्यापीठास वार्षिक साहाय्य दिले. १९१८ साली त्यांचे निधन झाले आणि १९१९ साली त्यांच्या इच्छापत्रानुसार न्यास स्थापन झाला. समाजाच्या प्रश्नांचा जाणकारांकडून अभ्यास व्हावा, तो साचेबंद दृष्टीने न होता नव्या दृष्टीने व्हावा आणि त्यातून व्यवहार्य योजना निघाव्यात, असा त्यांचा आशय होता. धर्मशाळा व अन्नछत्र यांपलीकडे जाणारा हा दानविचार होय. त्यांचे वडील बंधू सर दोराबजी यांनी १९३२ साली, मृत्यूपूर्वी थोडेच महिने, आपली सारी संपत्ती न्यासाच्या हवाली केली.

आता न्यासाच्या विश्वस्तांपुढेही एक अडचण असते, जी याचकाच्या ध्यानी सहसा येत नाही. पैसा आहे, हेतू आहे, पण तो खर्च कोणाच्या हातून करावा? मुंबईच्या नागपाडा भागात अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट हे वस्तीकेंद्र चालवीत. गिरणगावाला लागून असलेल्या त्या दाट वस्तीत काम करताना त्यांना दिसले, की समाजसेवेला केवळ सद्भावना पुरत नाही, शिक्षण लागते. टाटा न्यासाने त्यांचा विचार उचलला. १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले. त्याचे पहिले संचालक मॅन्शार्टच होते आणि पहिले वर्ग नागपाड्याच्या त्या केंद्रातच भरले. १९४४ साली त्याचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था असे झाले. एका वस्तीतील कार्यकर्त्याच्या अनुभवातून आणि एका न्यासाच्या पैशातून नवी विद्याशाखा देशात उभी राहिली.

होमी भाभांचे उदाहरण तर प्रसिद्धच आहे. मूलभूत संशोधनासाठी संस्था हवी, हे त्यांचे मत. जे. आर. डी. टाटांनी त्यांना सुचवले, की ठोस व तपशीलवार योजना पुढे ठेवल्यास न्यास तिचा विचार करील. १२ मार्च १९४४ रोजी भाभांनी न्यासाचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहिले. त्या पत्रात देशाच्या गरजेचे चित्र होते, खर्चाचा अंदाज होता, आणि अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल तेव्हा हिंदुस्थानला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागणार नाही, हा दूरचा विचारही होता. हे पत्र हिरोशिमाच्या सतरा महिने आधीचे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातील दृष्टी कळते. १९४५ साली संस्था सुरू झाली, आणि आरंभापासूनच मुंबई सरकारचे साहाय्य न्यासाच्या जोडीला होते. पुढे भार मुख्यतः भारत सरकारने उचलला. न्यासाने बीजाचे काम केले. वृक्षाचे पोषण राज्याकडे गेले. खासगी निधीचे स्वाभाविक स्थान बहुधा हेच असते. सरकार ज्या गोष्टीवर अजून पैसा घालण्यास धजत नाही तिचा आरंभ करून देणे हे त्याला साधते. तिचा भार शतकभर वाहणे सहसा साधत नाही.

याची दुसरी बाजू टाटा समाजविज्ञान संस्थेतच अलीकडे दिसून आली. न्यासाच्या मुदतबंद अनुदानावर नेमलेल्या शंभराहून अधिक अध्यापक व कर्मचाऱ्यांना, अनुदानाचे नूतनीकरण झाले नाही म्हणून, जून २०२४ मध्ये सेवासमाप्तीच्या सूचना मिळाल्या. न्यासाने पैसा पुरवण्याचे मान्य केल्यावर त्या दोन दिवसांतच मागे घेतल्या गेल्या. येथे कोणास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. पण नित्याची पदे मुदतीच्या पैशावर उभी असली, तर ज्येष्ठ आणि नामवंत संस्थेच्याही पायाखालची वाळू सरकू शकते, एवढे यावरून सिद्ध होते.

६

आजची परिस्थिती त्या काळाहून पुष्कळ वेगळी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांवर सरासरी निव्वळ नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यासाठी खर्च करण्याचे बंधन १ एप्रिल २०१४ पासून आले. शिक्षण, कला व संस्कृती यांचे जतन, सार्वजनिक ग्रंथालये हे विषय त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहेत. म्हणजे मराठी ग्रंथालयास त्या दाराशी जाण्याचा अधिकार आहे. अनेक कंपन्या हा खर्च आपल्या प्रतिष्ठानांमार्फत करतात.

तथापि या पैशाचा स्वभाव ओळखला पाहिजे. चालू प्रकल्पाची मुदत, आरंभीचे वर्ष सोडून, तीन वर्षांहून अधिक असू शकत नाही. शिवाय २०२१ पासून संस्थेच्या कायम निधीत घातलेली रक्कम या खर्चात धरली जात नाही. ठाकरसींनी दिली तशी कायम देणगी या मार्गाने मिळणार नाही आणि महाभारतासारखे सत्तेचाळीस वर्षांचे कामही या मार्गाने होणार नाही. जीर्ण ग्रंथांची छायांकने, कपाटे, इमारतीची दुरुस्ती, एखादे शिबिर, अशी जी कामे तीन-चार वर्षांत पुरी होतात ती या पैशातून करावीत. ग्रंथपालाचे वेतन, नियतकालिकाचा तोटा, दीर्घ संशोधन यांचा भार मात्र सभासदांच्या वर्गणीवर आणि कौटुंबिक न्यासांच्या कायम निधीवर ठेवावा. या दोहोंची सरमिसळ झाली की संस्था चौथ्या वर्षी अडचणीत येते.

वर पाहिलेल्या उदाहरणांवरून आम्हांला असे वाटते, की निधीशी संबंध जोडू पाहणाऱ्या संस्थेने, पत्र लिहिण्यापूर्वी, कार्यकारी मंडळाच्या बैठकीत एका प्रश्नाचा ठराव करून ठेवावा: आम्ही काय देऊ शकतो आणि काय देणार नाही? दालनास नाव देता येईल, वास्तूसही देता येईल, कर्व्यांनी तर अख्ख्या विद्यापीठास नाव दिले. दात्याच्या प्रतिनिधीस मंडळावर स्थान देता येईल. हिशेब तर मागण्यापूर्वीच द्यावेत. पण कोणते पुस्तक छापावे, कोणता पाठ ग्राह्य धरावा, कोणास व्याख्यानास बोलवावे, आणि संस्थेचे व्यवहार कोणत्या भाषेत चालावेत, हे देण्याच्या यादीत नसावे. हा ठराव आधी झालेला असला म्हणजे नाही म्हणताना कोणा एका चिटणीसाला वाईटपणा घ्यावा लागत नाही, आणि होय म्हणताना मागाहून पश्चात्ताप होत नाही.

महाराष्ट्राबाहेरील मराठी संस्थांसाठी यातील भाषेचे कलम सर्वांत नाजूक आहे. स्थानिक उद्योगपती बहुधा अन्य भाषक असणार. आमच्या भाषेच्या ग्रंथालयास तुम्ही का द्यावे, याचे उत्तर आपल्याला त्यांच्या दृष्टीने देता आले पाहिजे. ते उत्तर आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे यांच्या राज्यकारभाराचे जुने कागद मोडीत आहेत. मोडी वाचणारा माणूस मराठी संस्थेत तयार होतो. म्हणून त्या शहराचा स्वतःचा इतिहास आपल्या कपाटांत आहे. असे काम हाती घेणारी संस्था त्या शहराच्या वारशाची राखणदार म्हणून दात्यापुढे उभी राहते, आणि मग तिचे मराठीपण हीच तिची पात्रता होते. हे काम प्रथम आपल्या वर्गणीतून, थोडे का होईना, सुरू झालेले असावे. दहा दप्तरे लावून झाली असतील तर अकराव्यासाठी पत्र लिहिता येते.